झाकलेला क्रूस

१

आमच्या गावच्या चर्चमध्ये माझ्याकडे दोन कामं आहेत. मिस्सा चालू असताना आत शिरलेली कुत्री हाकलायची, आणि सणाच्या दिवशी वेदीमागच्या चित्राची दारं उघडायची. पहिल्या कामासाठी मला चाबूक दिलाय, दुसऱ्यासाठी किल्ली. चाबूक कुत्र्यांना कधी लागलेला नाही. गावच्या एका जाड्या पंचाला मात्र एकदा लागला. तो वाकून बाकाखाली काही शोधत होता आणि मागून मला फरक कळला नाही.

चित्र म्हणजे भलंमोठं लाकडी कपाट समजा. बाहेरून दोन्ही दारं राखाडी. त्यांच्यावर संत मिखाएल तराजूत आत्मे तोलतोय आणि एक सैतान पारडं खाली ओढतोय. त्या सैतानाचं तोंड माझं आहे. उस्ताद हुब्रेख्त चित्र काढत होते तेव्हा त्यांना तासन्‌तास जीभ बाहेर काढून बसणारा माणूस हवा होता, आणि अख्ख्या गावाने एका सुरात माझं नाव सांगितलं. उपवासकाळात दारं बंद असतात. म्हणजे ईस्टर येईपर्यंत सगळं गाव माझ्याकडे बघून गुडघे टेकतं. बिशपालासुद्धा एवढा मान नाही.

ईस्टरला दारं उघडली की आत रंगच रंग. मधोमध भिंतीआडच्या बागेत मरियामाता बसलीय, मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत लाल कपाळाचा एक पक्षी. फादर जिलिस दर वर्षी तेच समजावतात. पांढरी लिली म्हणजे मातेची शुद्धता. बंद फाटक म्हणजे तिचं कौमार्य. पक्ष्याच्या कपाळावरचा लाल ठिपका म्हणजे बाळाचं पुढे सांडणारं रक्त. मेजावरची नुकतीच विझलेली मेणबत्ती म्हणजे खरा उजेड आल्यावर मेणाच्या उजेडाची गरज उरली नाही. मी एकदा विचारलं, "फादर, आणि लिलीच्या भांड्यावर बसलेली माशी?"

"ती तू," फादर म्हणाले.

चित्र हेरिंग मासे पकडणाऱ्यांच्या मंडळाने करून घेतलं. म्हणून डाव्या दाराच्या आतल्या बाजूला संत पीटरमागे मंडळाचे पुरुष गुडघे टेकून बसलेत, उजव्या दाराला संत बार्बरामागे त्यांच्या बायका. आणि आमच्याकडे पद्धत अशी, की चित्रातला जो माणूस मेलेला असेल त्याच्या डोक्यावर नखाएवढा लाल क्रूस काढायचा. पुढे कुणी गेलं की घरचे चिताऱ्याला बोलावून त्याचा क्रूस काढून घेतात. बार्टल दोरवाल्याच्या सुनेने तर सासरा नुसता आजारी असतानाच चिताऱ्याला बोलावलं. बार्टल बरा झाला, आणि ईस्टरला स्वतःच्या डोक्यावर क्रूस बघून असा भडकला, की सुनेला कबरीत पोचवूनच मग मेला.

डाव्या दाराच्या अगदी कडेला मारिन बसलाय. उजव्या दाराच्या अगदी कडेला त्याची बायको डिग्ना. दारं उघडी असली की दोघांच्या मध्ये अख्खी बाग, मरियामाता, बाळ, माशी सगळं येतं. दारं मिटली की कडेला कड लागते, आणि आतल्या अंधारात दोघं खांद्याला खांदा लावून बसतात. हे माझ्याशिवाय फक्त डिग्नाच्या लक्षात आलंय. ईस्टरला मी किल्ली लावायला गेलो की ती मागून हळूच म्हणते, "थांब ना योस जरा. एवढी काय घाई आहे."

मारिन म्हणजे समुद्राने एकदा गिळून परत ओकलेला माणूस. बऱ्याच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी, तो मिस्सा अर्धी टाकून चर्चबाहेर गेला तो गेलाच. कुणी म्हणे अँटवर्पला राहतो, कुणी म्हणे पोर्तुगीज जहाजावर चढला. मेल्याची खबर नाही, असल्याची नाही. डिग्ना ना बायको ना विधवा. ती समुद्र अडवणाऱ्या बांधापलीकडच्या घरात जाळी विणत बसते, आणि मी वर्षातून एकदा तिथे जातो.

"डिग्ना, लग्न करतेस का माझ्याशी?"

"माझं झालंय रे."

"नवरा कुठाय?"

"चित्रात. डोक्यावर क्रूस दिसतो का त्याच्या? दिसेल त्या दिवशी ये. आता नीघ, पायाने सगळा चिखल आणलास आत."

लोकांना वाटतं ही माझी नेहमीची थट्टा आहे. वाटू दे. माणूस थट्टेखोर म्हणून गाजला की त्याला खरं बोलायची सोय होते.

२

त्या ईस्टरला मी दारं उघडली तेव्हा पहिल्यांदा वास आला. मेणबत्ती नुकतीच फुंकल्यावर येतो तो. मी मागे वळून बघितलं. वेदीवरच्या मेणबत्त्या अजून पेटवायच्याच होत्या. चित्रातल्या मेणबत्तीची धुराची रेघ होती तशी होती. म्हटलं, दीड महिना बंद लाकूड आहे, कसलाही वास येईल.

मग पाठीमागे लोकांची कुजबुज सुरू झाली. आधी एका बाकावर, मग दोन. मी बघितलं, सगळे डावीकडे बघत होते.

मारिनच्या डोक्यावर क्रूस होता.

ठसठशीत नाही. दुधात पडलेल्या बोराचा रंग वरून दिसावा तसा. पण क्रूसच. मी दोन पावलं पुढे गेलो, मग मागे आलो. आधी मला आनंद झाला, हे कबूल करायला मला काही लाज नाही. मग मी डिग्नाकडे बघितलं. ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती, बोटीत उभी असल्यासारखी.

मिस्सा कशीबशी संपली. फादर जिलिस माझ्याकडे आले. त्यांना कान धरायचा होता, पण माझी उंची आडवी आली.

"योस, हे काय केलंस?"

"मी नाही, फादर."

"गेल्या नाताळात बाप्तिस्म्याच्या कुंडात बाम मासा कुणी सोडला?"

"तो मी."

"संत रोखच्या पुतळ्यातल्या कुत्र्याला हाड कुणी बांधलं?"

"मीच. पण उपाशी वाटत होतं ते."

"आणि हा क्रूस तेवढा आपोआप उगवला?"

आजूबाजूचे लोक हसले. बार्टलचा नातू म्हणाला, "फादर, म्हातारा नवरदेव व्हायला निघालाय. नवऱ्याला मारल्याशिवाय बायको कशी मिळणार?" त्यावर आणखी हशा. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो असतो. काम नामी होतं. फक्त ते मी केलं नव्हतं, आणि दाराची किल्ली माझ्या कमरेला होती.

३

उस्ताद हुब्रेख्त केव्हाच वारले. त्यांची मुलगी तानेके आता बापाचे कुंचले चालवते. ईस्टरनंतर ती होडीने आली. फादर तिला म्हणाले, "या गाढवाचा पराक्रम पुसून टाक, आणि त्याच्याकडून घासून घे." एवढं बोलून ते जेवायला गेले. उपवास सुटल्यापासून ते जेवणाची वेळ चुकवत नव्हते.

मी मेणबत्ती धरून उभा राहिलो. तानेकेने फडक्याला काहीतरी उग्र वासाचं लावलं आणि क्रूसावर फिरवलं. फडकं स्वच्छ राहिलं. तिने नखाने खरवडलं. नाक लाकडाला टेकवून तिरकं बघितलं.

"योसकाका, हे तुमचं काम नाही."

"चला, एकीला तरी अक्कल आहे."

"अकलेचा प्रश्न नाही. हा क्रूस रोगणाखाली आहे. वरच्या आभाळाच्या रंगाखाली आहे. हा बाबांनी काढलाय आणि बाबांनीच झाकलाय. पांढरा रंग पातळ लावला की वर्षं गेल्यावर तेल लावलेल्या कागदासारखा होतो, खालचं वर दिसायला लागतं."

माझ्या हातातलं मेण बोटावर सांडलं. "काढला कशाला आणि झाकला कशाला?"

"विसरलात? त्या शरद ऋतूत मारिनची बोट गेली ना. डोलकाठी वाहून आली, फळ्या आल्या. चित्र तेव्हा आमच्याकडे अर्धं होतं. मंडळाने निरोप पाठवला, बाबांनी बोटीवरच्या सगळ्यांना क्रूस काढले. हे बघा, याच्या पुढचे सगळे. मग काही दिवसांनी मारिन एकटाच बांधावरून चालत आला. म्हणून त्याचा झाकला." तिने फडकं खाली ठेवलं. "मी तेव्हा रंग घोटायचे. बाबा कधी पातळ रंग लावायचे नाहीत. मी विचारलं, बाबा, एवढा पातळ? तर म्हणाले, माणूस समोर येऊन उभा राहिलाय, झाकला नाही तर लोक काय म्हणतील. पण यावर चांगला रंग वाया घालवणार नाही."

चर्चमध्ये कुठेतरी लाकूड कुरकुरलं. जुनं बांधकाम आहे, कुरकुरतं.

"एक गोष्ट मात्र मला कळत नाही," तानेके म्हणाली. तिने क्रूसाखाली, मारिनच्या केसांवर, बोट टेकवलं आणि मला दाखवलं. बोट ओलं होतं. "तेल एवढी वर्षं ओलं राहत नाही." तिने ते बोट जिभेला लावलं आणि लगेच बाजूला थुंकली.

"काय आहे?"

"मीठ," ती म्हणाली.

४

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. मला आठवायचं नव्हतं, पण डोकं कुणाचं ऐकतं?

बोटीवरच्या कुणाचंच प्रेत आलं नाही, आणि मारिन चालत आला. गावाने घंटा वाजवल्या. कसा वाचलास, असं विचारलं की तो म्हणायचा, "पोहलो." बास. घरी गेला, जाळी दुरुस्त करायला लागला. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. समुद्राने घाबरवलेली माणसं मी पाहिलीत, तसंच असेल म्हटलं.

पुढचं वर्षभर तो दर रविवारी मिस्सेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. आणि ते वर्ष मला कामच नव्हतं. एकही कुत्रं चर्चमध्ये आलं नाही. दारापर्यंत यायचं, आत बघायचं आणि शेपूट घालून परत. तेव्हा फादर जिलिसांच्या आधीचे म्हातारे फादर होते, त्यांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी नम्रपणे मान झुकवली. फुकटचं श्रेय मी कधी नाकारत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे मंडळाच्या खोलीत शेगडीभोवती बसायचो. मारिन मात्र दाराजवळच्या बाकावर. मला राहवलं नाही. मी बाहेरून मूठभर बर्फ आणलं, चांगलं दाबून घट्ट केलं, आणि मागून त्याच्या सदऱ्यात सोडलं. ही थट्टा मी गावातल्या प्रत्येकावर केलीय. पंच नाचला होता. बार्टलने मला बुटाने मारलं होतं. मारिन हललासुद्धा नाही. सावकाश मान वळवून म्हणाला, "यंदा थंडी कमी आहे, नाही योस?"

सगळे हसले, माझ्यावर. मीही हसलो. जाड लोकरीचा सदरा आहे, म्हटलं, लागलं नसेल. संध्याकाळ होईतो बसलो असू. मग मारिन घरी जायला उठला, आणि त्याच्या सदऱ्यातून बर्फाचा गोळा जमिनीवर पडला. जसाच्या तसा. माझ्या बोटांचे ठसे त्यावर होते.

तो मी पायाने शेगडीखाली सरकवला, आणि त्यानंतर त्याची थट्टा केली नाही.

मग आला मृतांचा दिवस. त्या दिवशी वेदीवरून गावच्या बुडालेल्यांची नावं घेतात, बोटीमागून बोट. म्हाताऱ्या फादरांना नावं पाठ होती, ज्या क्रमाने माणसं वल्ह्यांवर बसायची त्या क्रमाने. मारिनच्या बोटीची नावं घेताना जीभ सवयीने पुढे गेली, आणि त्यांनी शेवटी मारिनचंही नाव घेतलं. लोक खुदकन हसले. मला वाटलं, मारिन आता म्हणेल, "हजर."

मारिन उठला. टोपी हातात घेतली, वेदीकडे बघून मान झुकवली, आणि बाहेर गेला. कुणी बोलावल्यावर जावं तसा.

५

पण माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. पायऱ्यांवरून उठेपर्यंत माझ्या डोक्यात हिशोब बदलला होता. मेलेली माणसं वर्षभर जाळी दुरुस्त करत नाहीत. तो वाचला, डोक्यावर परिणाम झाला, मग निघून गेला. बर्फ कधीकधी वितळत नाही. मिठाचं म्हणाल तर समुद्राकाठी सगळंच खारट. आणि मुख्य गोष्ट, क्रूस उस्तादाच्या हातचा होता. फादरांना ते कळलं की ते मारिनला मेलेला ठरवणार, येत्या मृतांच्या दिवशी त्याचं नाव घेणार, आणि डिग्ना विधवा होणार. तानेकेला मी म्हटलं, फादरांना संध्याकाळी सांग. आणि बांधावरून पळत सुटलो. माझ्या वयाचा माणूस पळाला तर बदकंसुद्धा बाजूला होतात.

डिग्ना अंगणात चादर वाळत घालत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. क्रूस खरा आहे. उस्तादाचा आहे. ती चिमटे लावत राहिली.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? तूच म्हणायचीस, क्रूस दिसला की ये. आलो."

"बस जरा. घाम पूस."

मी बसलो. तीही बसली, विहिरीच्या कठड्यावर.

"मला माहीत होतं, योस."

"काय माहीत होतं?"

"तो आला त्याच आठवड्यात कळलं. अंथरुणात त्याच्या बाजूला ओलं व्हायचं. मी रोज सकाळी चादर वाळत घालायची. शेजारीण म्हणायची, अगं पाळणा कधी हलला तुझ्या घरी? मी हसायची. मी गरम विटा ठेवायची त्याच्या पायाशी, त्या सकाळी नदीतल्या दगडासारख्या व्हायच्या. मी त्याला काही विचारलं नाही. विचारायचं नसतं. आलेल्या माणसाला, तू कसा आलास, असं कोण विचारतं?"

"डिग्ना..."

"बोलू दे. तू दर वर्षी बोलतोस, मी आज बोलते. मला तो हवा होता. कसाही. एक वर्ष मिळालं. आणखी मिळालं असतं, त्या म्हाताऱ्याने नाव घेतलं नसतं तर. नाव घेतल्यावर मेलेल्यांना जावं लागतं."

वाऱ्याने चादर फुगली आणि खाली बसली. मी तिच्याकडे बघत होतो. बाई वेडी वाटत नव्हती. बाजारात मासळीचा भाव करते तशीच बोलत होती.

"तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही," ती म्हणाली, "कारण तो मेलाय हे कुणाला ठाऊक नाही. आणि म्हणून तो परत यायला लागलाय. मृतांच्या दिवशी. आधी बांधापर्यंत. मग काही वर्षं या विहिरीपर्यंत. गेल्या वर्षी उंबऱ्यापर्यंत आला. सकाळी उंबरा ओला होता."

"धुकं असतं त्या दिवसांत. सगळ्यांचेच उंबरे ओले असतात."

"मी चाखून बघितलं, योस."

मला तानेकेचं बोट आठवलं, आणि मी कठड्यावरून उठून जमिनीवर बसलो.

"आता फादरांनी नाव घेतलं तर तो कायमचा जाईल. तो क्रूस झाकायला हवा. आणि कुणी शोध घ्यायला नको, कुणी विचारायला नको." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू केलास म्हटलं तर कुणी विचारणार नाही."

"वा. म्हणजे मी केला नाही तो गुन्हा कबूल करायचा, आणि तू विधवा होणार नाहीस, आणि मी..."

"हो."

"मी गरम आहे, डिग्ना," मी म्हणालो. जन्मभरात मी एवढं मूर्खासारखं काही बोललो नसेन. "माझ्या बाजूची चादर कोरडी राहील."

ती हसली नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओल्या कपड्यांनी गार झालेला. "माहीत आहे रे. म्हणून तर तुला सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं?"

६

तानेके मला चर्चच्या दारातच भेटली, ती फादरांकडे निघाली होती. मी तिला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, झाक, आणि मी केला म्हणून सांग.

तिने हातातलं सामान खाली ठेवलं. "काका, तुम्हाला त्या बाईशी लग्न करायचंय ना?"

"हो."

"मग हे उलटं होतंय."

"मला उलट्याची सवय आहे. सैतान आहे मी, बाहेरच्या दारावर बघ."

तिने शिंपल्यात आभाळाचा रंग कालवला. या वेळी जाड. एक थर लावला, थांबली, दुसरा लावला. मी मेणबत्ती धरली होती. रंग मारिनच्या केसांच्या कडेला लागला की आपोआप मागे सरायचा, तेलकट ताटावर पाणी सरतं तसा. तानेकेने तिसऱ्यांदा रंग चेपून बसवला. मग टिकला. आभाळ एकदम स्वच्छ झालं. त्याखाली मारिन हात जोडून बसला होता, समोर बागेपलीकडे बघत. इतकी वर्षं मला वाटत होतं तो मरियामातेकडे बघतोय. त्या दिवशी मेणबत्ती कडेला धरली होती म्हणून दिसलं. त्याची नजर मातेच्या मागून, फाटकाच्या वरून, पार पलीकडच्या दाराला गेली होती.

मी स्वतःला समजावलं. झाकलं तर झाकलं. मेलेली माणसं येत नाहीत. मृतांचा दिवस येईल आणि जाईल, उंबरा धुक्याने ओला होईल, आणि हट्टी बाईला एखाद्या वर्षी कळेल की धुकं ते धुकं. मग मी आहेच. मला कसलीच घाई नाही, असं मी म्हणालो. घाई खरं तर होती.

"मला माहीतच होतं," फादर जिलिस म्हणाले, आणि एवढे खूश झाले की शिक्षा ठरवायला त्यांना वेळ लागला. रविवारी मी चर्चच्या दारात अनवाणी उभा राहिलो, अंगात नुसता सदरा, गळ्यात कुंचला बांधलेला, हातात पेटती मेणबत्ती. पंच माझ्याजवळून तीनदा गेला, काही काम नसताना. बार्टलच्या नातवाने विचारलं, "नवरदेव, वऱ्हाड कुठाय?" डिग्ना आली आणि सगळ्यांत मोठ्याने हसली. तसं हसायला मीच तिला सांगून ठेवलं होतं. पण ती छान हसली. इतकी छान, की ते खरंच माझ्यावर नव्हतं हे मला कळलं. तिचा चेहरा कित्येक वर्षांनी असा उजळला होता, आणि मी त्याच्यासमोर मेणबत्ती धरून उभा होतो.

७

मृतांच्या दिवशी फादर जिलिसांनी नावं घेतली. कागदावरून, बोट ठेवून, एकेक. मारिनच्या बोटीची नावं आली आणि संपली. मारिनचं नाव आलं नाही. मी डिग्नाच्या बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता.

दुपारी घरोघरी आत्म्यांचे पाव भाजतात. गरम गरम खायचे असतात. जितके खाल तितके जीव आगीतून सुटतात, असं म्हणतात. पंच दर वर्षी अख्खी दफनभूमी सोडवतो. मी भट्टीतून काही पाव घेतले, सदऱ्यात पोटाशी धरले आणि बांधावर चढलो. पोट चांगलं शेकत होतं. धुकं असं होतं की माझाच हात मला परका वाटला.

काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होतो, आला का पाहुणा? नाही ना? मग हे पाव आपण दोघं खाऊ. मग ती रागवेल, मग रडेल, मग मी शेकोटी पेटवीन. बांधावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चिखलात पावलं होती, पण बांधावर पावलं असतातच. ती समुद्राकडून आलेली होती आणि परत गेलेली नव्हती. जाणारा गवतातून गेला असेल, मी स्वतःला सांगितलं, मीही कधीकधी गवतातून जातो.

घराची खिडकी बंद होती. धुराड्यातून धूर नव्हता. एवढ्या थंडीत घरात विस्तव नाही. मी दाराशी उभा राहून कान दिला. आत कुणीतरी हळू बोलत होतं, बाईच, थांबून थांबून, खूप दिवसांचं साठलेलं सांगताना बोलतात तसं. मध्येच ती थांबायची. आणि त्या थांबण्यात पाणी ठिबकत होतं. जमिनीवर, संथ.

परत जावं. एवढी अक्कल मला होती. पण पाव गार होत होते, आणि मी एवढी वर्षं त्या दारात थट्टा करायलाच आलो होतो. मी ठोठावलं.

बोलणं थांबलं. दार हातभर उघडलं. डिग्ना होती. केस विंचरलेले, डोक्याला नवा रुमाल बांधलेला, कोपरापर्यंत हात ओले. तिच्या श्वासाची वाफ दिसत होती, घरात असून.

"काय आहे, योस?"

ठरवलेलं काहीच आठवलं नाही. "आत्म्यांचे पाव आणलेत. गरम आहेत."

तिने पावांकडे बघितलं. ते काय असतं हे तिला आठवावं लागत होतं जणू.

"गरम नकोत," ती म्हणाली.

तिच्या खांद्यावरून मला खोलीची एक पट्टी दिसत होती. थंड चूल. भिंतीशी बाक. बाकाच्या टोकाला एक खांदा, सदरा अंगाला चिकटलेला, आणि सदऱ्याच्या काठावरून थेंब सुटायचा, थांबायचा, सुटायचा. डोकं अंधारात होतं. मी ते बघायचा प्रयत्न केला नाही. सगळ्या गोष्टी बघायला मी आता तरुण राहिलेलो नाही.

बाक कुरकुरला. बऱ्याच काळात वापरलेला नसावा अशा आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

डिग्नाने मान वळवली नाही. माझ्याकडे बघून ती हसली. जन्मभर मी ज्या हसण्यासाठी तिच्या दारात चिखल आणला होता, ते हसणं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि हळूच दार लावून घेतलं.